वाल्डॉर्फचे जावईबापू

ग्लेनरावांना मराठी शिकवली ती त्यांच्या सासूबाईंनी. तीही व्हिडिओ कॉलवर, निगडीच्या स्वयंपाकघरातून, कणीक मळता मळता. त्यामुळे झालं काय, की दाराच्या चौकटीत न मावणारे हे ऑस्ट्रेलियन गृहस्थ, तिकडच्या सगळ्यांत वरच्या लीगमध्ये सात-आठ वर्षं फुटबॉल खेळलेले, बायकांची मराठी बोलायचे. फोन वाजला की "थांबा हं, मी आले" म्हणत उठायचे. काही सांडलं की "अगं बाई". आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा त्यांनी माझ्या बायकोला, मेधाला, आमटीत गूळ जरा कमी पडलाय असं सुचवलं, आणि तिने तो मुकाट्याने घातलाही. माझ्या सांगण्यावरून तिने आजवर चिमूटभर मीठसुद्धा वाढवलेलं नाही.

त्यांची बायको मुग्धा, आमच्यासारखीच सॉफ्टवेअरमधली. ती शिकायला मेलबर्नला गेली, तिथे यांच्याशी लग्न केलं, आणि पुढे नोकरीसाठी इकडे जर्मनीत, वाल्डॉर्फला आली. ग्लेनराव मागोमाग आले. त्यांचं खेळणं तोवर संपलं होतं, वीसलॉखच्या एका जिममध्ये ते ट्रेनर म्हणून लागले. मुग्धाचे वडील नाहीत, आई पुण्याला. तेव्हा आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या बायकांनी परस्पर ठरवून टाकलं की हे सगळ्या मंडळाचे जावई. झालं! गणपतीला पहिलं ताट त्यांचं. पिकनिकला कोळसे पेटवायला उठले की चार जण धावणार, "अहो ग्लेनराव, तुम्ही बसा." जावयाने नेमकं करायचं काय असतं, असं त्यांनी मला एकदा गंभीरपणे विचारलं होतं. मी म्हटलं, काही नाही, बसायचं, खायचं, आणि अधूनमधून रुसायचं. "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, म्हणाले, "जमेल मला." बसणं आणि खाणं जमलं. रुसणं काही त्यांना शेवटपर्यंत आलं नाही.

फुटबॉल म्हणजे आपल्याला माहीत असलेला तो नव्हे. यांचा चेंडू लांबोडका, तो हातानेही धरायचा, पायानेही मारायचा, आणि एकमेकांना द्यायचा तर मुठीने ठोसा मारून. गोलला जाळी नाही, आडवी दांडी नाही, नुसते उंच खांब. समोरच्याला धरून पाडायची मुभा. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं, काहीतरी भांडण झालंय आणि त्यात चेंडू सापडलाय. मेलबर्नला म्हणे हा खेळ क्रिकेटच्याच मैदानांवर खेळतात, थंडीत क्रिकेट बंद असतं तेव्हा. ग्लेनरावांनी हे सांगितलं त्याच पिकनिकला आमचं टेनिस बॉलचं क्रिकेट चाललं होतं. सलील नावाचा आमचा एक मित्र, एरवी लिफ्टशिवाय दुसरा मजला न चढणारा, उलटा धावत गेला आणि त्याने डोक्यावरून येणारा कॅच घेतला. ग्लेनराव हातातली कांदाभजी तशीच ठेवून उठले. सलीलच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "तू रविवारी ये."

अशी आमची टीम झाली. निम्मे मराठी क्रिकेटवाले, निम्मे जर्मन विद्यार्थी. गावातल्या स्पोर्टफेराइनने, म्हणजे क्रीडामंडळाने, रविवारी सकाळी मैदान दिलं. आपल्या मुलांचे हात उत्तम, चेंडू सुटायचा नाही. पण अंगाला अंग लागलं की ततपप! सलील तर समोरच्याला पाडण्याआधी 'एन्टशुल्डिगुंग' म्हणून माफी मागायचा, तोपर्यंत तो माणूस चेंडू घेऊन पसार. ग्लेनराव कमरेवर हात ठेवून हसायचे. ओरडताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. शिकवताना त्यांचं एकच वाक्य असायचं, "बॉल बघ. माणूस बघू नको." चेंडू उंच आला की त्याच्याकडे बघत मागे मागे जायचं, पाठीमागून कोण धावत येतंय ते बघायचंच नाही. जो मान वळवून बघतो तो भितो, आणि जो भितो त्याला त्या खेळात कोणी विचारत नाही. ते स्वतः बचावातले, म्हणजे आयुष्यभर हेच केलेलं. मी खेळत नव्हतो, माझं पोट मला परवानगी देत नाही. पण मी थर्मासभर चहा घेऊन कडेला बसायचो, आणि रविवारी सकाळी तिथे जे ग्लेनराव दिसायचे ते मंडळात ताटावर बसणाऱ्या ग्लेनरावांपेक्षा निराळे होते. मंडळात ते सगळ्यांच्या कलाने घ्यायचे. मैदानावर सगळे त्यांच्या तोंडाकडे बघायचे.

आणि एका बाबतीत ते कोणाचं ऐकायचे नाहीत. कोणाच्या डोक्याला लागलं की तो बाहेर. सलीलचं डोकं एकदा एका जर्मन मुलाच्या खांद्यावर आदळलं. रक्त नाही, टेंगूळ नाही, सलील म्हणतोय मी ठीक आहे. ग्लेनरावांनी त्याची हनुवटी धरून डोळ्यांत पाहिलं, काल रात्री काय जेवलास ते विचारलं, आणि त्याच्या उत्तराची वाट न बघता त्याला गाडीत घालून हायडेलबर्गच्या इस्पितळात नेलं. नंतर महिनाभर त्याला चेंडूला हात लावू दिला नाही. सलील वैतागून म्हणाला, एवढं काय त्यात? मी त्यांना विचारलं, तुमच्या वेळी असंच होतं का? ते हसले. त्यांच्या वेळी नाकापाशी काहीतरी उग्र हुंगवायचे आणि परत आत ढकलायचे. एका मॅचचा तर त्यांना दुसरा अर्धा भागच आठवत नव्हता. ती मॅच ते जिंकले होते, असं लोकांनी त्यांना सांगितलं. हे सांगून ते पुन्हा हसले आणि आम्हीही हसलो.

विसरणं कधी सुरू झालं हे कोणालाच नक्की सांगता येणार नाही. एका संध्याकाळी त्यांनी तीच गोष्ट दोनदा सांगितली. आम्ही दोनदा हसलो, जावयाची गोष्ट ना. एकदा गाडी हायडेलबर्गच्या पार्कहाउसमध्ये विसरून ट्रेनने घरी आले, आणि मुग्धाने गाडी कुठे म्हणून विचारलं तर चोरीला गेली म्हणाले. मंडळात हा किस्सा महिनाभर चालला. ग्लेनराव फिरकी घेतात, ग्लेनरावांचे नखरे, जावई म्हटल्यावर एवढं चालायचंच, असं आम्ही एकमेकांना सांगत राहिलो. दुसरा कोणी असता, समजा सलील असता, तर आम्ही त्याला पहिल्याच दिवशी धरून विचारलं असतं, अरे, तुला झालंय काय? पण जावयाला असं कोण विचारणार? आमच्यात जावयाच्या ताटात काय कमी पडलं ते बघतात, त्याच्यात काय कमी पडतंय हे कोणी बोलत नाही.

त्या वर्षी अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला आणि मुग्धाची आई तीन महिन्यांसाठी आली. काकू म्हणजे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, सडसडीत, स्पष्ट बोलणाऱ्या बाई. विमानतळावर माझ्या गाडीत बसल्या बसल्या, मी पट्टा नीट लावलेला नाही म्हणून मला बोलून घेतलं. पण ग्लेनराव समोर आले की आवाज खाली आणि "जावईबापू". अधिकातलं वाण द्यायचं म्हणून त्यांनी येताना अनारशांचं पीठ आणलं होतं. मुग्धाच्या घरी आम्ही पाच-सहा कुटुंबं जमलो. पाट, रांगोळी, चांदीची समई, सगळं साग्रसंगीत. ग्लेनराव कुर्ता घालून पाटावर बसले, एवढे मोठे गुडघे कसेबसे दुमडून. काकूंनी ओवाळलं, अनारसे दिले, ते पोटभर जेवले. हात धुतले. आम्ही पानं उचलली, बायका जेवायला बसायच्या होत्या.

थोड्या वेळाने ग्लेनराव बागेतून आत आले, हात चोळत, प्रसन्न चेहऱ्याने. पाटापाशी गेले आणि खाली बसले. म्हणाले, "आई, केवढी सुंदर रांगोळी! बसू ना मी?"

कोणीतरी हसलं. मग सगळेच हसलो, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. मुग्धा भिंतीला टेकून उभी होती, ती हसली नाही. काकूंनी एक क्षण त्यांच्याकडे पाहिलं. मग नवं पान मांडलं, मीठ-लिंबापासून सगळं पुन्हा वाढलं, आणि पुन्हा ओवाळलं. ग्लेनराव दोन-चार घास जेवले आणि थांबले. त्यांनी पोटावर हात ठेवला, आमच्या तोंडांकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं. तेही हसले. म्हणाले, "जावयाला दोनदा जेवता येतं की नाही?" आम्ही म्हटलं, हो हो, येतं की! आज ते आठवलं तरी मला माझ्या त्या "हो हो"ची चीड येते.

स्वयंपाकघरात मुग्धाने आईला आणि मेधाला सगळं सांगितलं. ती वर्षभर त्यांच्या मागे लागली होती की न्यूरोलॉजिस्टचा टेर्मिन, म्हणजे अपॉइंटमेंट, घेऊ. ते टाळत होते, कारण डॉक्टर पहिली गोष्ट सांगणार ती खेळ बंद. त्यांना एकच हंगाम हवा होता, हा एवढा, टीम पहिल्यांदाच वरच्या गटात पोचली होती. मग दाखवू म्हणाले. आता यापुढे डोक्याला एक जरी मार बसला तर काय होईल हे त्यांच्याइतकं नीट कोणाला माहीत होतं? सलीलला गाडीत घालून नेणारे तेच ना! काकू म्हणाल्या, "मी कसं बोलू? जावई आहेत. पुरुष माणसांनी बोलावं."

मी बोललो. रविवारी सकाळी, खांब रोवायला मदत करता करता. म्हटलं, ग्लेनराव, शिकवा, पण खेळू नका. ते खांबाला आधार देत उभे राहिले. आधी जर्मनमध्ये "या, या", म्हणजे हो हो, म्हणाले, मग इंग्रजीत म्हणाले, "हे बघ, इथे मी मुग्धाचा नवरा आहे आणि तुमचा जावई आहे. दोन्ही छान आहे. पण मी स्वतः कोणीतरी आहे ते फक्त इथे, रविवारी." त्यांनी खांब सरळ आहे का ते विचारलं, मी म्हटलं, थोडा डावीकडे.

सप्टेंबरातली मॅच कार्ल्सरूहेला होती. समोर विद्यापीठाची पोरं, तगडी. काकू परतायच्या आधीचा रविवार, म्हणून त्याही आल्या होत्या, साडीवर मुग्धाचं जाडजूड जॅकेट घालून. दुसऱ्या भागात चेंडू आकाशात उंच गेला आणि ग्लेनराव त्याच्याकडे बघत मागे मागे निघाले, तसेच, मान न वळवता. समोरून सलील धावत आला. त्यालाही तेच शिकवलेलं, बॉल बघ. तो उडाला आणि त्याचा गुडघा ग्लेनरावांच्या कानशिलावर बसला. आवाज आम्हाला कडेला ऐकू आला.

ते पडले. उठले. हात वर करून ठीक आहे म्हणाले आणि परत आपल्या जागेवर चालू लागले. आता त्यांना बाहेर काढायचं कोणी? डोक्याला लागलं की बाहेर काढणारा माणूस आमच्या टीममध्ये एकच होता. पंचाने विचारलं, त्यांनी त्याला काहीतरी विनोद सांगितला. सलील रडकुंडीला येऊन आमच्याकडे बघत होता. मुग्धा कडेपर्यंत धावली आणि तिने दोनदा हाक मारली. त्यांनी तिच्याकडे पाहून हात हलवला. काकू ताडकन उठल्या, कडेच्या पांढऱ्या रेषेपर्यंत गेल्या. त्यांचं तोंड उघडलं होतं. मैदानावर तीसेक माणसं, आजूबाजूला परके लोक. त्या तिथेच थांबल्या, मग मागे आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. मॅच संपेपर्यंत ग्लेनराव खेळले. त्यानंतर आणखी दोनदा पडले.

पुढे काकू पुण्याहून मेधाला फोन करायच्या तेव्हा दुसऱ्या कशावर बोलायच्याच नाहीत. मेधा समजूत घालायची, त्या एका माराने काही झालं नाही, ते आधीपासूनचं होतं, डॉक्टरही तसंच म्हणतात. काकूंचं उत्तर ठरलेलं. "मुलगा असता तर सगळ्यांदेखत कान धरून बाहेर आणला असता गं. जावई पडले. मी मान ठेवत बसले."

त्या हिवाळ्यात ग्लेनराव भराभर उतरत गेले. आधी गाडी गेली, मग जिममधली नोकरी. जर्मन तर पुसूनच गेली. मराठी का कोण जाणे टिकली, पण एकेका शब्दापाशी ते थांबायचे आणि आपण तो पुरवायचा. डॉक्टरांनी आजाराचं नाव घेतलं नाही, जिवंतपणी ते खात्रीने सांगता येत नाही म्हणाले. मेलबर्नला त्यांची बहीण आहे, आणि तिकडे असे बरेच जुने खेळाडू आहेत, त्यांची सोय आहे. मुग्धाने तिकडे नोकरी शोधली. आम्ही जेवायला जायचो तेव्हा ग्लेनराव आम्हाला आग्रहाने वाढायचे. मला तर एकदा त्यांनी लागोपाठ तीन पुरणपोळ्या वाढल्या, दर वेळी पहिलीच वाढतोय अशा हौसेने. मी तिन्ही खाल्ल्या. मेधा म्हणाली, खा, तुझ्या डाएटचं उद्या बघू.

जायच्या आधीच्या रविवारी सलीलने आपापसात एक मॅच ठेवली. कोणी कोणाला पाडायचं नाही, धरायचं नाही, नुसतं धावणं आणि चेंडू. डॉक्टरांची तेवढ्याला परवानगी होती. सामान बांधायला काकू आल्या होत्या, त्या मुग्धाजवळ कडेला बसल्या. माणसं कमी पडली म्हणून मला एका टोकाच्या खांबांपाशी उभं केलं, हातात दोन झेंडे देऊन. गोल झाला की दोन्ही हलवायचे, एवढंच मला ठाऊक होतं.

ग्लेनराव नुसते इकडेतिकडे चालत होते, मुलं त्यांना सांभाळून धावत होती. मग एका जर्मन पोराचा फटका उंच उडाला. आणि ग्लेनराव मागे मागे गेले, दोन पावलं घेतली आणि उडाले. काय सांगू तुम्हाला! मोठा माणूस एवढा हलका मी पाहिला नव्हता. चेंडू दोन्ही हातांत, बोटांच्या टोकांवर, स्वच्छ. सगळे टाळ्या वाजवायला लागले.

या खेळात असा चेंडू झेलला की पुढचा फटका तुमचा, निवांत. समोरचा माणूस जागेवर उभा राहतो, कोणी जवळ येत नाही. ग्लेनराव चेंडू धरून उभे राहिले. टाळ्या थांबल्या. त्यांनी या टोकाकडे पाहिलं, त्या टोकाकडे पाहिलं. दोन्हीकडे सारखेच खांब. त्यांनी चेंडूकडे पाहिलं. सलीलने हात अर्धा वर केला आणि तसाच खाली घेतला, त्याला ग्लेनरावांना दाखवून द्यायची लाज वाटली असावी. पंचाने शिट्टी तोंडातून काढली.

मग काकू उठल्या. रेषेपाशी त्या थांबल्या नाहीत. साडीचा घोळ एका हाताने उचलून थेट मैदानात शिरल्या, मधोमध, ग्लेनरावांपाशी गेल्या.

"आई," ते म्हणाले, "कुठे?"

काकूंना त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि जवळचे खांब दाखवले, मी उभा होतो ते. त्या खांबांत गोल मारायचा होता तो समोरच्यांनी. तिकडे मारला तर गोल नाही, उलट त्यांना एक पॉइंट. बावीस-तेवीस जणांना हे माहीत होतं आणि एकानेही तोंड उघडलं नाही. ग्लेनरावांनी मान हलवली, चार पावलं चालले आणि मारला. चेंडू माझ्या डोक्यावरून, दोन उंच खांबांच्या अगदी मधून गेला. मी दोन्ही झेंडे हलवले. माझे डोळे भरले होते, खोटं कशाला सांगू.

ग्लेनरावांनी वळून विचारलं, "बरोबर ना?"

"अगदी बरोबर," काकू म्हणाल्या. "चला आता."

त्यांनी सगळ्यांदेखत ग्लेनरावांचा हात धरला आणि त्यांना मैदानाबाहेर घेऊन निघाल्या. ते मुकाट्याने त्यांच्या मागून चालत गेले.